चुन्याच्या डबीपासून सुरुवात: शाळेत रसायनशास्त्र घेऊन जाणाऱ्या नवख्यांसाठी

रसायनशास्त्र विभागात तुम्ही नवीन असाल, मग प्राध्यापक म्हणून असो की एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, हे काम कधी ना कधी तुमच्या गळ्यात पडणारच. विभागप्रमुख म्हणतात, ‘विस्तार उपक्रम व्हायला हवेत. जवळच्या शाळेत जाऊन काहीतरी प्रयोग दाखवून या.’ मग कोणीतरी कपाटातल्या रंगीबेरंगी बाटल्या काढतं, कोणीतरी बॅनर छापायला पळतं आणि मंडळी निघतात.

मीही अशीच निघाले होते. द्राक्षपट्ट्यातली एक शाळा, सातवी-आठवीची साठेक मुलं आणि माझ्या पिशवीत अमोनियम डायक्रोमेट. ‘ज्वालामुखी’ करून दाखवायचा होता. नारिंगी ढीग पेटला, ठिणग्या उडाल्या, हिरवी राख भसाभसा वर आली, मुलांनी टाळ्या पिटल्या. डोक्यावरचा पंखा मात्र कोणी बंद केला नव्हता. पुढच्या दोन रांगांच्या वह्यांवर, वेण्यांवर, शर्टांच्या कॉलरींवर हिरवी भुकटी. तिच्यात न जळलेलं डायक्रोमेटही असतं आणि ते कर्करोगकारक आहे, हे मी स्वतः वर्गात शिकवते. पंख्याचं काही सुचलं नाही. सगळ्यांना नळावर पाठवून हात-तोंड धुवायला लावलं, वर्ग ओल्या फडक्याने पुसून काढला, आणि तास तिथेच संपला.

निघताना एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे आम्हाला घरी करता येईल का?”

“छे, अजिबात नाही.”

“मग शाळेत?”

“शाळेत पण नाही.”

“बरं,” म्हणाली आणि गेली. परतताना गाडीत माझ्या डोक्यात ते ‘बरं’च घोळत होतं. एवढा खटाटोप करून मी तिला जत्रेतला खेळ दाखवला होता.

तेव्हापासून माझ्या पिशवीत सगळ्यात आधी जाते ती चुन्याची डबी. का, ते पुढे येईलच. पण पहिली पायरी चुन्याचीही नाही.

पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा

शाळा ठरली की एकदा नुसतं जाऊन या. बाटल्या नको, बॅनर नको. विज्ञान शिकवणाऱ्या सरांशी किंवा बाईंशी अर्धा तास बोला आणि एवढं तरी विचारून घ्या: सध्या कोणता धडा चालू आहे? वर्गात मुलं किती? पाणी कुठे आहे? वीज दुपारी असते का? पंख्याचं बटण कुठे आहे? (हसू नका.) शाळा मराठी माध्यमाची की सेमी-इंग्रजी? सेमी असेल तर मुलं विज्ञान इंग्रजीतून शिकतात. तिथे तुम्ही ‘आम्लारी’ म्हणालात तर ती एकमेकांकडे बघतात. मराठी माध्यमात ‘बेस’ म्हणालात तरी तसंच.

तुमचा खरा जोडीदार म्हणजे हे विज्ञानाचे शिक्षक. पाहुणे येणार म्हणून त्यांना बाजूला बसवून ठेवू नका. मी अशा शाळा पाहिल्या आहेत, जिथे प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि फुटतूट झाली तर भरून द्यावी लागेल म्हणून ते कपाट उघडतच नाही. तिथल्या शिक्षकाला तुमचा प्रयोग पाहून काही मिळत नाही. त्याला हवा असतो फुटतूट न होणारा, त्याच्या हातचा प्रयोग.

परवानगीचं सांगते. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याची प्रत. केंद्रप्रमुखांना फोन केलात तर काम लवकर होतं. खाजगी संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी बहुधा पुरते. पत्रात तारीख, वर्ग, किती जण येणार आणि कोणते पदार्थ आणणार, एवढं लिहा. मुलांचे फोटो काढणार असाल तर तेही आधीच विचारा, आणि चेहरे दिसणारे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. अहवालाला हातांचे फोटो चालतात. खरं तर ते जास्त चांगले दिसतात.

तारखेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळ्यांना 28 फेब्रुवारीलाच जायचं असतं. 1928 साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला, म्हणून 1987 पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. दिवस मानाचा आहे, पण त्या सुमारास दहावीच्या परीक्षांची धांदल असते, वर्ग परीक्षेसाठी दिलेले असतात आणि एकाच आठवड्यात तीन महाविद्यालयं त्याच शाळेच्या दारात उभी राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये जा, नाहीतर दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होण्याआधी. शनिवारची सकाळची शाळा सगळ्यात सोयीची. आणि एक तासिका मागू नका, जोड तास मागा. पस्तीस मिनिटांत मुलं बसेपर्यंतच दहा जातात.

विषय गावातच असतो

मायकेल फॅरेडेने 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे व्याख्यानं दिली, ती एका मेणबत्तीवर. प्रत्येकाच्या घरात असलेली वस्तू त्याने हातात घेतली आणि तिथून ज्वलन, हवा, पाणी, श्वास असं सगळं फिरून आला. आपल्याकडे ती जागा मी चुन्याला देते.

बघा ना. आजोबांच्या पानात चुना. घराच्या भिंतीला चुना. गुऱ्हाळात उसाच्या रसाची आंबटाई मारायला चुना. हळदीचं कुंकू करायला चुना. द्राक्षबागेत रोगावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात चुना. सहलीला किल्ल्यावर गेलं की गोल चरात उभं असलेलं दगडी चाक, तीही चुन्याची घाणी. बोअरच्या पाण्याने हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोही त्याच घराण्यातला. मुलांना ‘कॅल्शियम हायड्रॉक्साइड’ हा शब्द नवा असतो, वस्तू नसते. तासाची सुरुवात मी “चुना कुठे कुठे पाहिलाय?” एवढ्या एका प्रश्नाने करते. फळा पाच मिनिटांत भरतो आणि मागच्या बाकावरची मुलं सगळ्यात जास्त सांगतात. ती बागेत काम करतात, गुऱ्हाळावर जातात.

तुमचा भाग वेगळा असेल तर वस्तू बदला. कोकणात मिठागर आणि आमसूल आहे, जळगावकडे केळीच्या खोडाची राख आहे, शहरातल्या शाळेत साबण, इनो आणि टाकीचं पाणी आहे. जी वस्तू मुलांनी हाताळली आहे, तिच्यापासून सुरुवात करायची, इतकंच.

आता प्रत्यक्ष काय न्यायचं आणि काय करायचं. चाळीस मुलांसाठी चौघांचे दहा गट धरते.

निवळी

आदल्या रात्री लिटरभर पाण्यात चमचाभर विझवलेला चुना टाका, बाटली हलवा आणि ठेवून द्या. सकाळपर्यंत चुना तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत काढून घ्या. ही चुन्याची निवळी. बाटली काठोकाठ भरा आणि बूच घट्ट लावा, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून तिच्यावर साय धरते. साय धरलीच तर फेकू नका, वर्गात दाखवा. तीही अभिक्रियाच आहे. कळीचा चुना मात्र शाळेत न्यायचाच नाही. पाणी लागलं की तो रटरटतो आणि चटके देतो.

प्रत्येक गटाला काचेच्या छोट्या बाटलीत दोन बोटं निवळी द्या, तिच्यात तेवढंच साधं पाणी घाला आणि एक स्ट्रॉ द्या. स्ट्रॉला तोंडाकडच्या टोकापासून दोन बोटांवर टाचणीने भोक पाडून ठेवा. फुंकताना त्याने फरक पडत नाही, पण कोणी चुकून ओढलं तर हवा आत येते आणि निवळी तोंडात येत नाही. डोळ्यांना चष्मे. हळू फुंकायचं. अर्ध्या मिनिटात पाणी दुधाळ होतं.

इथे बहुतेक जण थांबतात. ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झालं’ असं फळ्यावर लिहून पुढचा प्रयोग. मीही थांबत असे. एकदा एका गटातला मुलगा फुंकतच राहिला. दोस्त त्याला “बास, बास” म्हणत होते, पण हा गाल फुगवून चालूच. चार-पाच मिनिटांनी त्याच्या बाटलीतलं दूध पातळ होत होत पुन्हा नितळ झालं. आमच्याबरोबर आलेला एम.एस्सी.चा विद्यार्थी त्याला म्हणाला, “अरे, तू जास्त फुंकलंस, चुकलं तुझं. नवीन घे.” मुलाने मुकाट्याने बाटली खाली ठेवली.

मी ती उचलली. त्याचं काही चुकलं नव्हतं. आधी चुन्याचा खडू झाला होता, म्हणजे पाण्यात न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट. त्यात आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळल्यावर त्याचं बायकार्बोनेट झालं आणि ते विरघळलं. आम्ही ती बाटली स्टीलच्या वाटीत ओतली आणि मेणबत्तीवर धरली. वाटी तापली तसं नितळ पाणी परत गढूळ झालं आणि वाटीच्या तळाला पांढरी झाक आली. “हे तर आमच्या हिटरला बसतं,” मागून आवाज आला. बोअरच्या पाण्याचा जडपणा, हिटरवरचा थर, चुनखडीच्या गुहांमधले लोंबते खांब, सगळं त्या एका वाटीत होतं, आणि आमचा विद्यार्थी त्याला ‘चुकलं’ म्हणत होता. निवळीत निम्मं पाणी घालायला सांगितलं ते यासाठीच. दाट निवळी फुंकून फुंकून नितळ करायला गेलात तर दम लागतो, पाणी काही नितळ होत नाही.

म्हणून तुमच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांना हे बजावून ठेवा: मुलाच्या हातून अपेक्षेपेक्षा वेगळं काही झालं तर ‘चुकलं’ म्हणायच्या आधी ‘काय केलंस, सांग’ म्हणा.

हळद आणि जास्वंद

दर्शक म्हणजे आम्लात एक आणि आम्लारीत दुसरा रंग दाखवणारा पदार्थ. लाल कोबीचा दर्शक पुस्तकांतून फार गाजलेला आहे. आठवडी बाजारात तो मिळत नाही. जास्वंद प्रत्येक दुसऱ्या दारात आहे. लाल जास्वंदीच्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर सरळ चोळा. जांभळट डाग पडतो. वाळू द्या आणि पट्ट्या कापा. लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी-लाल, निवळीचा टाकला की हिरवा. हळदीची पातळ पेस्ट कागदावर फासून वाळवली की दुसरा दर्शक तयार. चुन्याने लाल, लिंबाने परत पिवळा. शर्टावरचा आमटीचा डाग साबण लागल्यावर लाल का होतो, हा प्रश्न मी विचारत नाही. कोणीतरी विचारतंच.

इथे मोठ्या परीक्षानळ्या लागत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातून चौकटी छापलेला कागद लॅमिनेट करून घ्या. त्यावर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. एका चौकटीत लिंबू, एकीत दही-ताकाची निवळ, एकीत साबणाचं पाणी, एकीत सोडा, एकीत बोअरचं पाणी आणि प्रत्येकात दर्शकाची चिमुकली पट्टी. काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं. सगळ्या वर्गाला मिळून कपभर द्रावण पुरतं आणि फुटायला काही नसतं. गोळ्यांची रिकामी पाकिटं धुऊन घेतली तर तेही चालतात. त्यांच्या खळग्यांत थेंब छान राहतात.

मातीचा सामू (pH) हा शब्द इथे सहज येतो. शेतकऱ्यांच्या घरात बऱ्याचदा माती परीक्षणाचा अहवाल असतो, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीबद्दल मुलांनी वडिलांकडून ऐकलेलं असतं. फक्त एक गफलत सांभाळा. पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी मिळून जो होतो तो ‘क्षार’. गावात मात्र ‘पाण्यात क्षार वाढलेत’ म्हणजे पाणी खारट-मचूळ झालंय. दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, नाहीतर मुलं परीक्षेत एक लिहितील आणि शेतात दुसराच समजतील.

पानाचं पण येईल. “मॅडम, पान खाल्ल्यावर तोंड लाल होतं, ते रक्त असतं का?” असं एका चौथीतल्या भावाने विचारलं होतं, जो बहिणीबरोबर आत घुसला होता. कात आणि चुना वाटीत कालवून दाखवला. रंग वाटीतच आला. जास्वंदीचा कागद हातात असेल तर बुवाबाजीचं लिंबूही करता येतं. सुरीच्या पात्याला जास्वंद चोळायची आणि लिंबू कापायचं, ‘रक्त’ येतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मंडळी असले चमत्कार फार वर्षं करून दाखवतात. मुलांना फोड करून सांगायला विसरू नका, नाहीतर तुम्हीच बुवा.

मोरचूद आणि विळा

हा प्रयोग मी फक्त आठवीच्या पुढे करते, कारण मोरचूद (कॉपर सल्फेट) विषारी आहे आणि ते खालच्या वर्गांच्या हातात द्यायचं नाही.

आधी गोष्ट. 1882 च्या सुमाराला फ्रान्समध्ये बोर्डो भागात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर केवडा रोग पडलेला नाही. बागायतदारांनी त्यांच्यावर मोरचूद आणि चुना मारला होता, पण रोगासाठी नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत, म्हणून. त्यावरून त्याने 1885 मध्ये फवारणीचं मिश्रण जाहीर केलं. द्राक्षपट्ट्यातल्या वर्गात ही गोष्ट सांगताना कोण कोण खाली मान घालून हसतंय, ते बघण्यासारखं असतं.

मग प्रयोग. बागेत एक टक्का बोर्डोला किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी. वर्गात 1 ग्रॅम मोरचूद 50 मिलिलिटर पाण्यात, 1 ग्रॅम चुना दुसऱ्या 50 मिलिलिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या पेल्यांत. एकत्र केलं की आकाशी रंगाचा साका. आणखी एका जोडीत चुना मुद्दाम चिमूटभरच घाला. आता पॉलिशपेपरने घासलेला एकेक खिळा दोन्ही मिश्रणांत सोडा आणि पाच मिनिटं थांबा. चुना पुरेसा असलेल्या पेल्यातला खिळा जसाच्या तसा. चुना कमी पडलेल्यातला तांबूस.

“आमचे बाबा विळा बुडवून बघतात,” असं कोणीतरी म्हणतं, आणि तास तिथे वळतो. बागायतदार विळ्याचं पातं मिश्रणात बुडवतात. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. नाहीतर मोकळं राहिलेलं तांबं पानं करपवतं. पाठ्यपुस्तकातली ‘विस्थापन अभिक्रिया’ ती हीच: लोह द्रावणात गेलं, तांबं बाहेर आलं. ज्या मुलाला ती व्याख्या पाठ होत नव्हती, त्याने ती वडिलांना दहा वेळा करताना पाहिली होती. मी अशा वेळी खडू त्या मुलाच्या हातात देते आणि स्वतः बाकावर बसते.

उरलेलं सगळं निळं पाणी एका डब्यात गोळा करा, जास्तीचा चुना घाला, साका बसू द्या आणि डबा महाविद्यालयात परत आणा. मोरीत किंवा शाळेच्या परसबागेत ओतायचं नाही.

चुन्याशिवायचा एक: पेरू की लिंबू?

क जीवनसत्त्व कशात जास्त, यावर आधी पैज लावा. आंबट म्हणून सगळी मुलं लिंबाच्या बाजूने जातात. औषधाच्या दुकानातलं 5 टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन 1 मिलिलिटर घेऊन 100 मिलिलिटर पाण्यात मिसळा आणि त्यात चार-पाच चमचे पातळ गाळलेली भाताची पेज घाला. गडद निळं पाणी तयार होतं. प्रत्येक गटाला त्यातलं 5 मिलिलिटर. लिंबाचा रस आणि पेरूचा गर सारख्याच वजनाचा घ्या, सारखंच पाणी घालून कापडातून गाळा, आणि ड्रॉपरने थेंब थेंब टाकत निळा रंग जाईपर्यंत मोजा. आमच्याकडे लिंबाला पंधरा-वीस थेंब लागतात, पेरूचं चार-पाचांत काम होतं. कमी थेंब म्हणजे जास्त क जीवनसत्त्व, हे उलटं गणित मुलांना स्वतः उलगडू द्या. हे अनुमापनच (टायट्रेशन) आहे, फक्त थेंब मोजून सोडणारी काचेची नळी, ब्युरेट, नाही. गटागटांचे आकडे थोडे वेगळे येतात. ते खोडू नका, फळ्यावर तसेच मांडा आणि का वेगळे आले असतील ते विचारा. कोणाचा ड्रॉपर तिरका होता, कोणी पेज ढवळली नव्हती, हे मुलंच सांगतात.

तालीम

जायच्या दोन दिवस आधी सगळे प्रयोग त्याच पाण्याने, त्याच पेल्यांत एकदा करून बघा. शाळेतलं पाणी आणायला विसरू नका. प्रयोगशाळेच्या ऊर्ध्वपातित पाण्यात जे जमतं ते बोअरच्या पाण्यात कधी कधी फसतं, जास्वंदीचा रंगसुद्धा बदलतो.

तालमीला विभागातला शिपाई किंवा कारकून श्रोता म्हणून बसवा. एम.एस्सी.चे विद्यार्थी पाच वर्षं इंग्रजीतून शिकलेले असतात आणि मराठीत बोलायला लागले की ‘प्रेसिपिटेट फॉर्म होतो’ असं काहीतरी तोंडून निघतं. ‘अवक्षेप’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द, तो सांगा. पण आधी ‘साका बसला’ म्हणा, कारण तो मुलांच्या घरातला शब्द आहे. परीक्षानळी, चंचुपात्र, नरसाळं, गाळणकागद हे शब्द एकदा घोकून घ्या. ज्याला मराठीत सांगता येत नाही, त्याला बहुधा अजून नीट कळलेलं नसतं. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे.

जपायचं ते

चुना घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी नाही. आम्लापेक्षा आम्लारी डोळ्यात खोल उतरते. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लास्टिकची पुडी किंवा नळी दाबली की ती फुटून थेट डोळ्यात उडते, आणि अशा अपघातांत लहान मुलांचे डोळे गेलेले आहेत. म्हणून चुना कायम सुटा, झाकणाच्या डबीत न्यायचा आणि मुलांनाही पुड्यांचं हे सांगून ठेवायचं. घरी तुमच्या चष्म्यांपेक्षा हेच जास्त उपयोगी पडेल. डोळ्यात काही गेलंच तर न चोळता ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार, किमान पंधरा-वीस मिनिटं, आणि तसंच दवाखान्यात. वर्गात पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या आधी ठेवा, मग पिशवी उघडा.

नेऊ नये असं: अमोनियम डायक्रोमेट, सोडियमचे तुकडे, पारा, संहत आम्लं आणि मेथॅनॉलवर करायच्या रंगीत ज्वाळा. या शेवटच्याने परदेशातल्या शाळांमध्ये मुलं गंभीर भाजली आहेत. बाटलीतून पेटत्या ज्वाळेवर ओतलं की आग उलटी बाटलीत शिरते. खाऊच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कुठलंही द्रावण भरायचं नाही. प्रत्येक बाटलीवर मराठीत, ठळक अक्षरात नाव. आणि चव कशाचीच घ्यायची नाही, अगदी लिंबाचीही, कारण ते ज्या बाकावर ठेवलंय तिथेच मोरचूदही होतं.

त्या दिवशी

स्वागत समारंभ शक्य तितका टाळा. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मनोगत यांत एकदा माझ्या जोड तासिकेतला जवळजवळ सगळा वेळ गेला आहे आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत मी फक्त निवळी फुंकवू शकले. आता मी पहिल्या भेटीतच सांगते, “सर, सत्कार शेवटी, वेळ उरला तर.” नारळ आपलाच असतो, पळून जात नाही.

प्रत्येक दोन गटांमागे तुमचा एक विद्यार्थी ठेवा. त्याचे हात पाठीमागे. मदत तोंडाने करायची, हाताने नाही. मुली मागे उभ्या आणि मुलं बाटली धरून पुढे, असं चित्र हमखास होतं. म्हणून प्रयोगागणिक हात बदलायचे, हे सुरुवातीलाच ठरवा. भाषण दहा मिनिटांच्या वर नको. आणि करिअर मार्गदर्शन सातवीला नको. ‘बी.एस्सी. करा, संशोधक व्हा’ हे आपण आपल्या समाधानासाठी सांगतो.

न येणारा प्रश्न येणारच. “मला माहीत नाही, शोधून सांगते,” असं म्हणा आणि तो वहीत मुलाच्या नावासकट लिहून घ्या. मग मात्र खरंच सांगायचं, दुसऱ्या फेरीत, त्याच मुलाला.

निघताना आणि परत येताना

शाळेत एक डबा ठेवून या: सुटा चुना, हळद, वीस ड्रॉपर, लॅमिनेटचे दहा कागद, चष्मे आणि एका पानावर मराठीत कृती. मोरचूद त्यात नको. हा डबा विज्ञानाच्या शिक्षकांच्या नावाने द्या आणि ‘फुटलं-हरवलं तर चालेल, आम्ही भरून देऊ’ असं मुख्याध्यापकांसमोर मोठ्याने सांगा. या एका वाक्याने कपाटाची कुलपं उघडतात.

मग महिन्या-दीड महिन्याने परत जा. एका शाळेत वर्षातून चार वेळा गेलेलं मला चार शाळांत एकेकदा जाण्यापेक्षा जास्त पटतं, जरी अहवालात चार शाळा बऱ्या दिसतात. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबादमध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांमधले लोक नुसते पाहुणे म्हणून गेले नव्हते. ते वर्षानुवर्षं शिक्षकांच्या प्रशिक्षणात बसले, संच तयार केले, मुलांचे प्रश्न पाहून पुस्तकं बदलली. तो 2002 पर्यंत चालला. आपल्याला तेवढं झेपणार नाही, पण दुसरी फेरी झेपते. मदत हवी असेल तर 1966 पासून काम करणारी मुंबईची मराठी विज्ञान परिषद आहे, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. दोन्हीकडे मराठीतलं साहित्य मिळतं.

दुसऱ्या फेरीला गेलात की आधी डबा उघडून बघा. चुना संपलेला असेल, ड्रॉपर चावलेले असतील, कागदावर हळदीचे डाग असतील तर काम चाललंय. सगळं जसंच्या तसं, नवंकोरं असेल तर शिक्षकांशी पुन्हा अर्धा तास बसा आणि काय अडलं ते विचारा. द्राक्षपट्ट्यातल्या त्या ज्वालामुखीच्या शाळेत मी पुढच्या वर्षी अशीच डबा घेऊन गेले. ती मुलगी आता वरच्या वर्गात होती. तिसऱ्या फेरीला तिने घरून दोन कागदी पुड्यांत गुळाचे खडे आणले, एक काळपट, एक पिवळाधमक. पिवळ्या गुळात रंग उजळायला हायड्रोसची (सोडियम हायड्रोसल्फाइटची) पावडर मारतात असं तिच्या आजीचं म्हणणं होतं, आणि ते कसं ओळखायचं हे तिला हवं होतं. मी वहीत लिहून घेतलं आहे.